तुळजापूरची तारा आणि गावकुसाबाहेरचा वाचक

फिलिप मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने ज्या मुलखात न्यायनिवाडे केले, त्याच मुलखावर पुढे कादंबरी लिहिली. १८५३ च्या तहाने निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा प्रदेश इंग्रजांच्या हवाली केला आणि नळदुर्गचा कारभार टेलरकडे आला. १८५७ पर्यंत तो येथे होता. जमिनीची मोजणी, सारावसुली, रस्ते, फौजदारी निवाडे, सगळे त्याच्याच हाती. कायद्याचे रीतसर शिक्षण त्याला नव्हते. चाकरी करता करताच तो ते शिकला. १८६० साली हा प्रदेश निजामाला परत मिळाला. १८६३ साली विलायतेत 'तारा' प्रसिद्ध झाली.

तारा ही तुळजापूरच्या व्यासशास्त्री नावाच्या ब्राह्मणाची मुलगी. लहानपणीच विधवा झालेली. ती भवानीच्या सेवेला वाहून घेते, मुरळी होते. अफजलखानाच्या स्वारीच्या धामधुमीत खानाचा मुलगा फाजिल आणि ती एकमेकांवर प्रेम करू लागतात. पुढे तिच्यावर चितेवर चढण्याची पाळी येते आणि फाजिलच तिला वाचवतो. दुसरी कादंबरी 'सीता', १८७२ ची. तिची पार्श्वभूमी सत्तावनच्या उठावाची. सीता ही सोनार घरातली. तिच्या नवऱ्याचा दरोड्यात खून होतो, ती इंग्रज न्यायाधीशापुढे साक्ष देते आणि तोच न्यायाधीश, सिरिल ब्रँडन, तिच्या प्रेमात पडतो.

या दुसऱ्या कादंबरीत न्याय आणि प्रेम यांची गाठ सरळ कचेरीतच पडते, म्हणून तिच्याकडे थोडे बारकाईने पाहू. साक्षीदार म्हणून सीतेचा शब्द कोर्ट ग्राह्य धरते. ब्रँडनची पत्नी म्हणून मात्र तिला कोणी मान्य करीत नाही. हिंदू विधीने झालेले हे लग्न छावणीतल्या गोऱ्या समाजाच्या लेखी लग्नच नव्हे, आणि सीतेच्या जातीलाही ते पचत नाही. या पेचातून लेखक सुटतो तो एकाच मार्गाने: ब्रँडनवर आलेला भाल्याचा वार सीता स्वतःवर घेते आणि मरते. ब्रँडन मग एका इंग्रज मुलीशी लग्न करतो. योगायोग असा की त्याच १८७२ साली सरकारने विशेष विवाहाचा कायदा केला. त्यात वधूवरांनी आपण ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान वगैरे कोणताच धर्म मानीत नाही असे लिहून द्यायचे होते. म्हणजे हा कायदा हाताशी असता तरी या दोघांना आपापला धर्म नाकारूनच त्याचा आधार घेता आला असता. खुद्द टेलरची पत्नी मेरी पामर हैदराबादच्या सावकार विल्यम पामरची मुलगी. पामरची आई हिंदुस्थानी बेगम होती. हा प्रश्न टेलरच्या घरातलाच होता. तरीही सीतेला जिवंत ठेवण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

याला कारण त्याचा वाचक. १८३९ साली त्याच्या ठगावरच्या कादंबरीने विलायत वेडी केली होती. व्हिक्टोरिया राणीला पुस्तक बांधून होईपर्यंत दम नव्हता, छापलेले फर्मे तिच्याकडे जात असत. या वाचकाला गूढ, क्रूर, देवभोळा हिंदुस्थान हवा होता, आणि त्यातून एखादी सुंदर स्त्री सोडवून आणणारा वीरही हवा होता. 'तारा'त हा वीर गोरा साहेब नाही, एक मुसलमान सरदारपुत्र आहे, एवढे श्रेय मात्र टेलरला द्यायलाच हवे. आजही अफजलखानाचे नाव निघाले की आपल्याकडे डोकी फिरतात. ती फिरलेली डोकी घेऊन 'तारा' वाचताच येणार नाही.

आता आपण वाचू. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांची उकल केली आहे. जातीबाहेर लग्न होऊ द्यायचे नसेल तर नवरा मेलेली स्त्री ही जातीपुढची अडचण होते. तिला जाळा, नाही तर जन्मभर कोंडा. तो निबंध शेजारी ठेवला की ताराची कहाणी वेगळी दिसू लागते. बालपणी लग्न, मग वैधव्य, मग देवाला वाहणे, मग चिता. जात आपली अडचण कशी निकालात काढते याचे हे एकामागून एक टप्पे आहेत, आणि फाजिलवरचे प्रेम हा त्या व्यवस्थेला लागलेला धक्का आहे. टेलरला हे सिद्धांत म्हणून ठाऊक नव्हते. त्याने डोळ्यांनी पाहिले तसे लिहिले.

पण त्याचे डोळे गावकुसाशी येऊन थांबतात. मुरळी म्हटली की आपल्याला जेजुरी आठवते आणि महार-मांगांच्या घरातल्या पोरी आठवतात. देवाला सोडलेल्या मुली बहुतांशी तिथल्याच. टेलर ते जिणे उचलून ब्राह्मणकन्येच्या अंगावर घालतो, तेव्हा कुठे वाचकाचे डोळे ओले होतात. महाराची पोर देवाला सोडली तर ती रीत ठरते. तेच शास्त्र्याच्या मुलीवर आले की कादंबरी होते. या दोन्ही पुस्तकांत अस्पृश्याची मुलगी नायिका म्हणून न्यायासनापुढे उभी राहत नाही. शिवेचा तंटा निघाला की गावोगाव महाराची साक्ष निर्णायक मानली जात असे, हे सारा आणि मोजणी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला अपरिचित असण्याचा संभव नव्हता.

कोणी म्हणेल, १८६३ च्या लेखकाकडून एवढी अपेक्षा का? तर त्याच १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि ब्राह्मण विधवांना आसरा दिला. ब्राह्मण विधवेचे दुःख खोटे नव्हते, आणि ते ओळखायला शूद्राच्या घराला कादंबरी लागली नाही. त्याआधीच फुल्यांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळाही काढल्या होत्या. एकाचे दुःख पाहताना दुसऱ्याकडे पाठ फिरवावी लागत नाही, हे त्या काळातही कोणाला तरी कळत होते.

मुरळीचा खरा आवाज ऐकायचा तर सेहेचाळीस वर्षे पुढे यावे लागते. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' या आपल्या मासिकातून मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध मोहीम उघडली. तिला प्रतिसाद म्हणून शिवूबाई नावाच्या मुरळीने पत्र पाठवले, आणि ते १९०९ साली छापले गेले. तिच्यावर कोणी कादंबरी लिहिली नव्हती. तिने स्वतःच हाती लेखणी घेतली होती. कांबळ्यांच्याच चळवळीतील गणपतराव गायकवाड यांनी पुढे तिच्याशी लग्न केले.

धाराशिव जिल्ह्यात ही हवा उशिरा आली. निजामी मुलखात इंग्रजी हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू होत नसत. १९४१ च्या फेब्रुवारीत कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली, बाबासाहेब स्वतः आले, आणि वतनाच्या नावाखाली चाललेल्या राबणुकीचा प्रश्न उघडपणे मांडला गेला. देवदासी प्रथा निर्मूलनाचा महाराष्ट्राचा कायदा तर २००५ चा. तुळजापूरच्या भवानीच्या आणि येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रांना आजही आराधी मेळे येतात, जोगतिणी येतात. त्यांतल्या वृद्ध स्त्रियांना कोणी, कधी, कशासाठी देवीला वाहिले, त्या वेळी घरात काय बोलणे झाले, कोणी विरोध केला का, हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून घ्यायचे काम बाकी आहे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतल्या आपल्या मुलामुलींनी ते अंगावर घ्यावे. टेलरची 'तारा' सोबत न्यायला हरकत नाही, आणि त्या म्हाताऱ्यांपैकी कोणाला वाचून दाखवता आली तर त्या काय म्हणतात तेही टिपून घ्यावे.