शंभर कोटींची पावती

हिशेब तपासताना आम्हां कारकुनांचा पहिला प्रश्न पावतीचा असतो. हाच प्रश्न स्वामित्वहक्काच्या इतिहासालाही विचारून पाहावा, असे आम्हांस वाटते.

इंग्लंडात राणी ॲनच्या कारकीर्दीत, १७१० साली, लेखकांच्या हक्कांचा कायदा अमलात आला. चोरून छापणाऱ्यापाशी सापडलेल्या दर तावामागे एक पेनी दंड असे. निम्मा राणीचा, निम्मा फिर्यादीचा. दर ठरलेला खरा, परंतु ताव मोजून दाखवावे लागत.

अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यानुसार प्रत्यक्ष नुकसान सिद्ध न करताही वादीला भरपाई मागता येते. आज तिचे प्रमाण दर कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर, आणि जाणूनबुजून हक्कभंग केल्यास १,५०,००० डॉलरपर्यंत आहे. आपले नुकसान पैशांत मांडू न शकणाऱ्या लेखकाला हा मोठाच आधार होय. मात्र या आधाराचा उपयोग बलाढ्य वादीही करू शकतो.

मार्च २००७ मध्ये व्हायाकॉम या कंपनीने न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात यूट्यूब व गूगल यांच्यावर दावा लावला. आपल्या सुमारे १,६०,००० चित्रफिती परवानगीवाचून दाखविल्या गेल्या, त्या दीडशे कोटींहून अधिक वेळा पाहिल्या गेल्या, असे तिचे म्हणणे. मागणी शंभर कोटी डॉलरांहून अधिक. गूगलने सबंध यूट्यूब २००६ साली घेतले, तेच मुळी १६५ कोटींना! शिवाय फुकट पाहणारा प्रत्येकजण पैसे देऊन पाहणारच होता, असे कसे धरावे? त्याच फेब्रुवारीत कंपनीने लाखभर फिती काढावयास सांगितल्या, तेव्हा पुढच्या कामाच्या दिवशी बहुतेक सर्व काढल्या गेल्या होत्या.

न्यायमूर्ती स्टॅन्टन यांनी २००८ साली दंडात्मक भरपाईची मागणी नाकारली, आणि २०१० साली १९९८ च्या कायद्यातील संरक्षण मान्य करून यूट्यूबच्या बाजूने निकाल दिला. यूट्यूबला विशिष्ट फितींची माहिती होती काय, हा प्रश्न अपील न्यायालयाने २०१२ साली पुन्हा खुला केला. म्हणजे तक्रार निराधार नव्हती. २०१३ साली निकाल पुन्हा यूट्यूबकडेच गेला, आणि २०१४ साली तडजोड झाली. तिच्या अटी प्रसिद्ध झाल्या नाहीत. सात वर्षांत त्या शंभर कोटींवर कोणत्याही न्यायालयाची मोहोर उठली नाही.

फुगविलेल्या मागणीने प्रतिवादी भितो, हे खरे. परंतु तिच्यामुळे खऱ्या नुकसानीचीही पत जाते, आणि उद्या एखादा सामान्य लेखक आपली लहानशी, खरी मागणी घेऊन न्यायालयात उभा राहील, तेव्हा त्याच्याकडेही संशयानेच पाहिले जाईल.