स्टिअरिंगवरचा गिअर आणि ठाणे-कल्याणचे मेकॅनिक

प्रीमियर पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला असे. ठाणे, डोंबिवली आणि कल्याणच्या मेकॅनिकांची एक अख्खी पिढी गिअरचे दुखणे ओळखायला या दांड्यावर शिकली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा जुना कारखाना कुर्ल्याला होता. 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट म्हणून आलेली गाडी पुढे पद्मिनी झाली आणि थोड्याफार फरकाने शतक संपेपर्यंत निघत राहिली. शेवटी शेवटी तिचा दांडा खाली आला, पण रस्त्यावरच्या बहुतेक पद्मिन्या जुन्याच घडणीच्या होत्या. इतकी वर्षे एकच यंत्र हाताखालून गेल्यावर त्याची खोड पुस्तकात शोधावी लागत नाही.

दांडा स्टिअरिंगपाशी आणि गिअरबॉक्स खाली. मधले अंतर सळ्या आणि छोट्या बुशांनी जोडलेले असे. बुश झिजले की दांड्याला प्ले येई. एक सळई पुरती न्यूट्रलला यायच्या आत दुसरी सरके आणि दांडा जागीच अडकून बसे. मग सिग्नलला बॉनेट उघडून ड्रायव्हर सळई हाताने मागे ढकली, आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत. इलाज मात्र स्वस्त होता. 1962 मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून एमआयडीसीचा कारभार सुरू झाला, 1964 च्या सुमारास डोंबिवलीतही औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि लेथवाला हाकेच्या अंतरावर आला. झिजलेला बुश नमुन्याला द्यायचा आणि नवा कातून घ्यायचा.

पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे दात जुळण्याआधी वेग जुळवणारी रिंग, नव्हता. गाडी चालू असताना तो टाकला की कडकड वाजे. हा बिघाड नव्हे, तरी त्यासाठी गिअरबॉक्स उतरवून बसणारे महाभागही असत. जाणता मेकॅनिक आधी मालकाला गाडी चालवायला सांगे आणि त्याच्या क्लचवरच्या पायाकडे बघे.

खरी परीक्षा एका मिनिटाची होती आणि ती पुढच्या गाड्यांनाही लागू पडली. इंजिन बंद करून सगळे गिअर एकेक टाकून बघायचे. बंद इंजिनावर गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, तर क्लच पुरता सुटत नाही. गिअरबॉक्सला हात लावायचे कारण नाही. बंद इंजिनावरही दांडा जड असेल, तर दोष सळ्यांत किंवा आत. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडताच गिअर निसटत असेल, तर आतली स्प्रिंग-गोळी, झिजलेला फोर्क किंवा ढिले माउंटिंग यांच्यावर संशय. एकाच गिअरला खरखर येत असेल, तर त्याची सिंक्रो रिंग. गिअरबॉक्स उतरवणे हा दिवसभराचा खटाटोप असल्याने ही एका मिनिटाची तपासणी गिऱ्हाइकाचे बरेच पैसे वाचवी.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. दांडा दोन सीटांच्या मध्ये, इंजिन आडवे, ओढ पुढच्या चाकांना आणि क्लचला केबल. केबल ताणली गेली की गिअर अडे. पुष्कळदा नट दोन आटे फिरवून काम भागे. पुढे अनेक गाड्यांत सळ्यांच्या जागीही दोन केबली आल्या, एक दांड्याच्या आडव्या हालचालीसाठी आणि दुसरी उभ्या. त्या कातून मिळत नाहीत, अख्ख्या बदलाव्या लागतात. लेथवाल्याचे एक काम तिथेच गेले.

आधुनिक गाडी खुद्द या परिसरातही बनली. नव्वदीच्या दशकात कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमियरच्या कारखान्यातून प्यूजो 309 निघू लागली, पण भागीदारीचा हा संसार काही वर्षांतच मोडला. मेकॅनिकांचा हात बसण्याआधीच गाडीचे उत्पादन बंद पडले.

26 जुलै 2005 च्या पुराने उल्हास नदीकाठी एक वेगळीच तपासणी आवश्यक केली. बुडालेल्या गाडीच्या गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग सोडल्यावर तेल दुधाळ, चहाच्या रंगाचे निघाले, तर आत पाणी शिरले असे समजायचे. ते न बदलता गाडी चालवली, तर बेअरिंगांची वाट लागते.

2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओच्या काही मॉडेलांत क्लचचे पेडलच गेले. आतला गिअरबॉक्स जुन्याच जातीचा, पण क्लच सोडायचे आणि गिअर टाकायचे काम अ‍ॅक्च्युएटर करतो आणि दांडा म्हणजे नुसता स्विच. इंजिन बंद करून तो हलवला तर काही कळत नाही. स्कॅनर लावावा लागतो.