मनाचें दुखणें आणि परकी शुश्रूषा

कोळगावास आज पालघर जिल्ह्याची प्रशस्त कचेरी उभी आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं हा जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला, त्यामागें एक हेतु असा होता कीं, जव्हार-मोखाड्याच्या वारल्यास, कातकऱ्यास, मल्हार कोळ्यास सरकारी कामासाठीं ठाण्यापर्यंत हेलपाटे घालावे लागूं नयेत. परंतु एका बाबतींत हें अंतर कोसांनीं मोजण्याजोगें नाहीं. ती बाब म्हणजे मनाच्या दुखण्याची शुश्रूषा.

ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ सालचें. त्या वेळीं १८५८ चा कायदा अमलांत होता, पुढें १९१२ चा आला. दोहोंचा कटाक्ष रोगी बरा करण्यापेक्षां त्यास कोंडून समाज निर्धास्त ठेवण्याकडे अधिक. अशा भिंतींआड गेलेल्या वारल्याची स्थिति काय होत असेल, ह्याची वाचकांनींच कल्पना करावी. भोंवतालचे सेवक शहरी मराठी बोलणारे. त्याची बोली त्यांस उमगत नाहीं. अंगांत येणें ही त्याच्या घरीं देवकार्यांतली नित्याची गोष्ट. येथें तेंच रोगाचें लक्षण. तो भिऊन गप्प बसला तर तेंही टिपणांत लक्षण म्हणूनच उतरावयाचें!

पाड्यावर अशा दुखण्यास प्रथम येतो तो भगत. तो तांदळाचे दाणे पाहून कारण सांगतो. रोगी मात्र आपल्या माणसांतच राहतो. हा गुण लहान नव्हे. परंतु ह्याच दाण्यांतून एखाद्या निराधार बाईवर भुताळीपणाचा आळ येतो आणि तिचें जिणें असह्य होतें, हेंही तितकेंच खरें. महाराष्ट्रास २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तो उगीच नव्हे.

परक्या रुग्णालयाचा हा पेंच केवळ आपलाच नाहीं. न्यूझीलंडांतील माओरी लोकांपुढेंही तो होता. तेथें इरिहापेती रॅम्सडेन ह्या माओरी परिचारिकेनें सांस्कृतिक निर्धोकतेचा विचार मांडला, व १९९२ सालीं तेथील परिचर्या-मंडळानें तो परिचारिकांच्या शिक्षणांत अंतर्भूत केला. त्याचें सार असें कीं, शुश्रूषा निर्धोक झाली किंवा नाहीं हें ठरविण्याचा अधिकार ती घेणाऱ्याचा आहे. आणि परिचारिकेनें रोग्याच्या चालीरीती पाठ करण्याआधीं स्वतःच्या मनांतील श्रेष्ठत्वाची भावना तपासावी.

ह्या विचाराचें एक भावंड आपल्या पालघरांतच आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डीस काम आरंभिलें, आणि पुढें कोसबाडास, मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळाच त्यांच्या अंगणांत व कुरणांत नेली. मुलांस दोष देण्याऐवजीं त्यांनीं शाळा बदलली. रुग्णसेवेस हा धडा अजून पुरता गिरवावयाचा आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें संस्कृतीवरून होणारा भेदभाव वर्ज्य ठरविला आणि रोग्यास समजेल अशा भाषेंत माहिती मिळण्याचा हक्क दिला. ह्यापुढचें काम कायद्याच्या हातचें नाहीं. परिचारिका पाड्यावर गेल्यावर वारली बोलींत चौकशी करते कीं नाहीं, भगताचा उपहास न करितां रोग्याच्या आईचें म्हणणें ऐकून घेते कीं नाहीं, आणि आळ आलेल्या बाईच्या बाजूस ठामपणें उभी राहते कीं नाहीं, ह्यावर सर्व अवलंबून आहे. कचेरी ठाण्याहून कोळगावास आली, हें आपण नकाशावर दाखवूं शकतों. शुश्रूषा जवळ आली कीं नाहीं, हें मात्र त्या आईसच विचारावें लागेल.