तारापूरचे न गंजणारे पोलाद

धर्माबादच्या बाजारातला स्टीलचा डबा गंजत नाही, म्हणून तो स्टेनलेस. तारापूरला १९६९ साली सुरू झालेल्या दोन अमेरिकी बनावटीच्या अणुभट्ट्यांतही भरवसा याच पोलादावर होता. पण तिथले पाणी सुमारे २८५ अंश सेल्सिअसचे, आणि किरणोत्सर्गाने त्यात ऑक्सिजन सुटलेला! वेल्डिंगजवळ पोलादाच्या कणांच्या कडेला क्रोमियम उणावतो, ऑक्साइडचे चिलखत तिथे कच्चे पडते आणि बारीक तडा आत शिरतो. अमेरिकेत १९७४ साली अशाच भट्ट्यांच्या पाइपांत तडे सापडले. तारापूरला गळल्या त्या दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्या. ती जनित्रे बंदच करावी लागली. ऐंशीच्या दशकात प्रत्येक भट्टी २१० मेगावॉटवरून १६० वर आली. एकूण शंभर मेगावॉट गेले. आपल्या परळीचे १९७१ चे पहिले दोन संच मिळून साठचेच होते.