उच्चांकाची उलटतपासणी

भूगोलाच्या तासाला हा आकडा पुष्कळ शाळांतून पाठ करून घेतला गेला: जगातील सर्वांत जास्त उष्णतामान ५८ अंश सेल्सिअस, ठिकाण लिबियातील अल् अझिझिया, तारीख १३ सप्टेंबर १९२२. हा उच्चांक ९० वर्षे टिकला. मग २०१२ साली जागतिक हवामान संघटनेने तो रद्द केला. का बरे?

१९२२ साली तेथे इटालियन लष्कराचे ठाणे होते. लिबियाच्या हवामान खात्यातील खालिद अल् फदली यांनी मूळ नोंदवहीचे पान शोधून काढले. ११ सप्टेंबरपासून त्यातले अक्षरच बदललेले! या नव्या माणसाने कमाल-किमानाचे रकानेही उलटे भरले होते. तापमापकही जुन्या धर्तीचा. त्यात पारा एक बारीक कांडी पुढे ढकलतो. तिचे पाऱ्याकडचे टोक वाचायचे असते. नवख्याने बहुधा दुसरे टोक वाचले, आणि सुमारे ७ अंश फुकट वाढले. आसपासच्या ठाण्यांच्या नोंदींशीही हा आकडा जुळत नव्हता.

तुम्ही म्हणाल, चूक नेमकी उच्चांकातच कशी सापडली? अहो, चुका सगळीकडेच असतात. ३१ च्या जागी ३३ लिहिले तर कोणाच्या नजरेस येत नाही. पण लाखो नोंदींतून सर्वांत मोठी निवडू लागलो की, पाखडताना फोल वर यावे तशा मोठ्या चुका वर येतात. निसर्गाच्या उष्णतेला मर्यादा आहे, हाताच्या चुकीला नाही.

यंत्राचेही तसेच. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. शहरातल्याच दुसऱ्या एका केंद्रावर तेव्हा ४४ च्या आसपास होते. उष्णता मोजणारा भागच बिघडला होता, असे हवामान खात्याने सांगितले.

मग नवलाचा आकडा फेकूनच द्यावा काय? मुळीच नाही. अंटार्क्टिकावरील ओझोन फार घटल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ साली प्रसिद्ध केले. तो आकडाही नवलाचाच. पण उपग्रहाच्या नोंदींनीही तेच दाखवले. तो खरा ठरला, आणि त्यामुळेच जग वेळीच सावध झाले.

तेव्हा गुरुजी, शाळेच्या पर्जन्यमापकात एखाद्या दिवशी भलताच पाऊस भरला, तर मुलांना तीन प्रश्न विचारायला लावा. वाचले कोणी? मोजले कशाने? शेजारच्या गावी किती पडला? एवढे झाल्यावर खुशाल फळ्यावर लिहा.