अप्रीती आणि गैरसोय : शासनसंस्थेच्या वाचनाचा इतिहास

१

अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा इतिहास सामान्यतः लेखकाच्या बाजूने लिहिला जातो. कोणी काय लिहिले, त्याबद्दल त्याला कोणती शिक्षा झाली आणि ती त्याने कशी सोसली, असा त्याचा क्रम असतो. वस्तुतः अशा प्रत्येक खटल्यात लेखकाबरोबर आणखी एक व्यक्ती गृहीत धरलेली असते, आणि ती म्हणजे वाचक. हा वाचक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात क्वचितच दिसतो. तरीही आरोपीचे भवितव्य त्याच्या काल्पनिक प्रतिक्रियेवर ठरते. अमुक मजकूर वाचून तो भडकेल, दुखावेल, फसेल, असे शासनसंस्था सांगते. म्हणजेच भाषणावर निर्बंध घालणाऱ्या प्रत्येक कायद्याच्या पोटात वाचनाचा एक सिद्धान्त दडलेला असतो. छापखाना, तार, दूरध्वनी, संगणकजाल अशी नवी साधने आली की हा सिद्धान्त पुन्हा मांडला जातो. कारण नवे साधन म्हणजे शासनाला अपरिचित असा नवा वाचकवर्ग. इंटरनेटवरील राजकीय वादविवाद आणि नागरी स्वातंत्र्य यांविषयी गेल्या दोन-अडीच दशकांत भारतात जो संघर्ष झाला, त्याचा अर्थ या दृष्टीने लावला तर त्याची मुळे एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यापर्यंत पोचलेली दिसतात.

२

लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी जो कायदा झाला, त्याचे वैशिष्ट्य असे की तो इंग्रजी पत्रांना लागू नव्हता. तोच विचार इंग्रजीत छापला तर टीका आणि मराठीत वा बंगालीत छापला तर धोका, अशी ही विभागणी होती. तिच्यामागील गृहीतक उघड आहे : इंग्रजी वाचणारा विवेकाने वाचतो आणि देशी भाषा वाचणारा विकाराने. ‘अमृतबझार पत्रिके’ने तातडीने इंग्रजी रूप धारण करून या गृहीतकाचा पोकळपणा दाखवून दिला. रिपन यांच्या काळात हा कायदा गेला; परंतु भाषेनुसार किंवा माध्यमानुसार वाचकाची प्रतवारी करण्याची रीत त्याच्याबरोबर गेली नाही.

भारतीय दंडसंहितेत १८७० साली समाविष्ट झालेल्या कलम १२४-अ ने ही रीत एका शब्दात साठवली. तो शब्द म्हणजे ‘डिसअफेक्शन’, मराठी कायदेभाषेतील ‘अप्रीती’. शासनाविषयी प्रीतीचा अभाव हा गुन्हा कसा होऊ शकतो, हा प्रश्न १८९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. आर्थर स्ट्रॅची यांच्यासमोर उभा राहिला. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त प्रसिद्ध झालेली ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आणि शिवराज्याभिषेकोत्सवातील भाषणांचा वृत्तान्त यांवरून बाळ गंगाधर टिळक यांच्यावर हा खटला भरण्यात आला होता. स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. द्वेष, वैर, नापसंती, तुच्छता असे दुर्भावनेचे सगळे प्रकार त्यात येतात, आणि प्रत्यक्ष दंगा झाला की नाही हा मुद्दा गैरलागू आहे. सहा युरोपीय सदस्यांनी टिळकांना दोषी ठरवले, तीन भारतीय सदस्यांनी निर्दोष. शिक्षा अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची झाली.

साहित्यविचाराच्या दृष्टीने या खटल्यात दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी की कवितेतील निवेदकाचा उद्गार आणि संपादकाचा हेतू यांतील अंतर पुसले गेले. कवितेत बोलतो तो शिवाजी. आरोपपत्रात बोलतात ते टिळक. दुसरी अशी की कायद्याने स्वतःच्या शब्दाला अमर्याद अर्थविस्तार दिला आणि कवितेला मात्र एकाच अर्थाची मुभा ठेवली. १८९८ च्या दुरुस्तीने स्ट्रॅची यांचा अन्वयार्थ बव्हंशी कायद्याच्या मजकुरातच उतरला. १९०८ मध्ये ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांवरील खटल्यात टिळकांनी स्वतः बचाव केला, तेव्हा शासकीय भाषांतरकाराची उलटतपासणी घेत मराठी शब्दांच्या इंग्रजी पर्यायांवर त्यांनी बोट ठेवले. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. खटला मराठी लेखनावर चालला आणि निर्णय इंग्रजी भाषांतरावर झाला. मूळ संहितेच्या वाचकाला भाषांतराच्या वाचकापुढे हार पत्करावी लागली, आणि सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

३

पुढील अर्धशतकात हा प्रश्न एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हेलकावत राहिला. १९४२ साली फेडरल कोर्टाने निहारेन्दु दत्त मजुमदार यांच्या खटल्यात सार्वजनिक सुव्यवस्थेला पोचणारा धोका हाच राजद्रोहाचा गाभा मानला. १९४७ साली सदाशिव नारायण भालेराव यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने तो अन्वय नाकारून पुन्हा स्ट्रॅची यांची वाट धरली. स्वातंत्र्यानंतर, मुंबईहून प्रसिद्ध होणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास प्रांतात बंदी झाली. त्यावरील रमेश थापर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये बंदी रद्द केली आणि १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द अनुच्छेद १९(२) मध्ये आणले. १९६२ च्या केदारनाथ सिंह निकालाने कलम १२४-अ टिकवले, पण हिंसेला वा अव्यवस्थेला चिथावणी देण्यापुरते त्याचे क्षेत्र मर्यादित केले. शब्द तसाच राहिला. त्याच्या वाचनाची पद्धत बदलली. त्यामुळे मर्यादित अर्थ निकालपत्रात आणि अमर्याद शब्द पोलीस ठाण्यात, अशी स्थिती निर्माण झाली. पुढील संघर्षाचे बीज या दुभंगात आहे.

४

१९९० नंतर संगणकजालाचा प्रसार झाला तेव्हा त्याच्याविषयी एक भाबडी समजूतही रुजली. अमेरिकेत १९९६ साली संगणकीय संवादातील ‘अशिष्ट’ मजकूर दंडनीय ठरवणारा कायदा झाला; त्याला उत्तर म्हणून जॉन पेरी बार्लो यांनी त्याच वर्षी दाव्होस येथून सायबरविश्वाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसृत केला. जालावरील जगात देह नाहीत, म्हणून देहावर चालणारी राज्यसत्ता तेथे निरर्थक ठरते, असा त्याचा आशय होता. १९९७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातील आक्षेपित तरतुदी रद्द केल्या, त्या मात्र देहाच्या अभावाचे कारण देऊन नव्हेत. तेथील शब्द संदिग्ध आहेत आणि त्यांच्या धाकाने वैध भाषणही आवरते घेतले जाईल, हे त्यामागचे कारण होते. बार्लो यांचे तत्त्वज्ञान काव्यमय होते. नागरिकाच्या उपयोगी पडले ते शब्दार्थाची चिकित्सा करणारे निकालपत्र.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. २००८ मध्ये मंजूर झालेल्या आणि २००९ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने त्यात कलम ६६-अ घातले. संगणकाद्वारे ‘अत्यंत आक्षेपार्ह’ माहिती पाठवणे, किंवा खोटी असल्याचे ठाऊक असलेली माहिती त्रास, गैरसोय, अपमान, वैरभाव इत्यादी उत्पन्न करण्यासाठी सतत पाठवणे, यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. या शब्दांचे कूळ ब्रिटिश आहे. टपाल खात्याच्या १९३५ च्या दुरुस्ती कायद्याने दूरध्वनीवरून आक्षेपार्ह वा धमकीवजा निरोप पाठवणे गुन्हा ठरवले होते. दूरध्वनी हे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीच्या कानाशी बोलण्याचे साधन होते. तेथे निरोपाला निश्चित पत्ता असतो आणि ऐकणाऱ्याला तो टाळता येत नाही. फेसबुकवरील मत हे अशा अर्थाने कोणालाही ‘पाठवलेले’ नसते. ते चव्हाट्यावर मांडलेले असते. खासगी निरोपाच्या प्रकाराला लावलेला नियम सार्वजनिक वादाच्या प्रकाराला जसाच्या तसा लावला गेला. समीक्षेच्या परिभाषेत सांगायचे तर ही वाङ्मयप्रकाराच्या आकलनातील चूक होती, आणि तिची किंमत नागरिकांनी तुरुंगात मोजली.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. त्यानंतर मुंबई बंद राहिली. हा बंद आदरापोटी नव्हे तर भीतीपोटी आहे, अशा आशयाचे मत पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर मांडले. तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शवली. दोघींना अटक झाली. पहिल्या तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. येथे कार्यकारणाची दिशा पाहण्यासारखी आहे. हिंसा वाचणाऱ्यांनी केली. त्या हिंसेची संभाव्यता हा लिहिणारीचा अपराध ठरला. स्ट्रॅची यांच्या सिद्धान्तात वाचकाच्या मनात निर्माण होऊ शकणाऱ्या भावनेसाठी लेखक जबाबदार होता. पालघरमध्ये वाचकाच्या हातातील दगडासाठीही तोच जबाबदार धरला गेला. शिवाय येथे केवळ ‘पसंती’ हेही लेखन मानले गेले. वाचक आणि लेखक यांतील सीमारेषा पुसट झाली आहे, असे उत्तर-संरचनावादी समीक्षेने म्हटले होते; पोलिसांनी त्या विधानाचा शब्दशः अंमल केला.

५

या अटकेनंतर श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. रोहिंटन नरीमन यांच्या पीठाने कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले. निकालाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या मानल्या आणि चिथावणीच्या पायरीवरच निर्बंध वैध ठरवला. इंटरनेटचा वेग आणि आवाका पाहता त्याच्यासाठी स्वतंत्र गुन्हे निर्माण करता येतील, एवढे न्यायालयाने मान्य केले; परंतु माध्यम बदलल्याने आशयाच्या स्वातंत्र्याची कसोटी खाली येत नाही, असे बजावले. लिटन यांनी केलेली वाचकांची प्रतवारी इतक्या वर्षांनी येथे नाकारली गेली. सरकारने हे कलम विवेकाने वापरण्याची हमी देऊ केली होती. सरकारे येतात आणि जातात, कलम मात्र राहते, या आशयाचे उत्तर देऊन न्यायालयाने ती हमी अपुरी ठरवली.

तथापि समीक्षकाच्या दृष्टीने निकालपत्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग निराळा आहे. न्यायालयाने दोन ब्रिटिश खटल्यांचे दाखले घेतले. कॉलिन्स आणि चेंबर्स या दोन्ही प्रकरणांत तेच शब्द आणि तोच मजकूर समोर असताना वेगवेगळ्या पातळ्यांवरील न्यायाधीशांनी परस्परविरुद्ध निष्कर्ष काढले होते. प्रशिक्षित न्यायबुद्धीचे इतके मतभेद होत असतील, तर नागरिकाने आणि हवालदाराने काय समजावे, असा हा युक्तिवाद आहे. अर्थाची अनिश्चितता हा साहित्यसिद्धान्ताचा आवडता विषय. येथे ती कायदा रद्द होण्याचे कारण बनली. दोन्ही क्षेत्रांत तिचे मूल्य एकच नाही, हे यातून स्पष्ट होते. कवितेची अनेकार्थता वाचकाला मोकळीक देते, तर दंडविधानाची अनेकार्थता अधिकाऱ्याला. जेथे कायदा आपल्या शब्दांना वाटेल तेवढा अर्थ देऊ शकतो, तेथे लेखकाला प्रत्येक शब्द एकाच, निरुपद्रवी अर्थापुरता आवळावा लागतो. म्हणून दंडविधानाची काटेकोर एकार्थता ही साहित्याच्या अनेकार्थतेची पूर्वअट आहे. अर्थाच्या मुक्त खेळाचे सरसकट गुणगान करणाऱ्या सिद्धान्ताने हा भेद ध्यानात घ्यायला हवा.

या प्रकाशाची मर्यादा अवघ्या दोन महिन्यांत दिसून आली. १४ मे २०१५ रोजी, वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला होता’ या कवितेसंबंधीच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने ऐतिहासिक आदरणीय व्यक्तींच्या बाबतीत अश्लीलतेची कसोटी अधिक कडक असते, असे म्हटले. ही कविता बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात १९९४ साली छापली गेली होती. माफी मागितलेल्या प्रकाशकाची मुक्तता झाली. कवीवरील आरोप कायम राहिला. कवितेतील निवेदकाचे स्थान पुन्हा गौण ठरले आणि ‘आदरणीय’ हा नवा संदिग्ध शब्द कायद्यात शिरला. मार्चमध्ये जालावरील नागरिकाला मिळालेले आश्वासन मेमध्ये छापील कवितेपर्यंत पोचले नाही.

६

रद्द झालेले कलमही मरत नाही, हे पुढील वर्षांत दिसले. कलम ६६-अ खाली गुन्हे नोंदवले जातच राहिले. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल धक्का व्यक्त केला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये कोणावरही त्याखाली कारवाई होऊ नये असे आदेश दिले. २०२२ मध्येच कलम १२४-अ स्थगित झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. मात्र कलम १५२ मध्ये देशाच्या सार्वभौमत्वाला धोका पोचवणाऱ्या कृत्यांत इलेक्ट्रॉनिक संवादाचा स्वतंत्र उल्लेख आहे. अप्रीती गेली, तिची जागा घेणाऱ्या शब्दांचे वाचन अद्याप व्हायचे आहे.

दरम्यान, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातही परतला. २०२३ च्या नियमदुरुस्तीने केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर ‘बनावट, खोटा वा दिशाभूल करणारा’ आहे की नाही, हे ओळखण्याचा अधिकार सरकारच्याच एका कक्षाला दिला. विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी ही तरतूद अवैध मानली आणि तिच्यातील शब्दांची संदिग्धता हेही त्याचे एक कारण दिले. याचिकाकर्ता उपहासकार असावा, हे या विषयाच्या स्वरूपाला धरूनच झाले. उपहास शब्दशः खोटा असतो, आणि त्यातच त्याचे सत्य असते. शासन जेव्हा स्वतःविषयीच्या संहितेचा अंतिम वाचक होऊ पाहते, तेव्हा वक्रोक्ती हा पहिला बळी असतो.

स्ट्रॅची यांच्या न्यायासनापासून या निकालापर्यंतचे अंतर सव्वाशे वर्षांहून अधिक आहे. या काळात साधने बदलली, शब्द बदलले, कधीकधी निकालही बदलले. वाचकाच्या वतीने कोणी वाचायचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक साधनाबरोबर नव्याने सोडवावा लागला आहे. निवेदक आणि लेखक, शब्द आणि भाषांतर, विधान आणि वक्रोक्ती हे भेद ही मराठी समीक्षेची नेहमीची सामग्री. ज्या न्यायालयांनी ते ओळखले, तेथे नागरिक सुटला. जेथे ते पुसले गेले, तेथे तुरुंगात गेला.