दूरस्थ साहाय्याचा इतिहास : पडदा, दार आणि संमती

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्राचा वेग व स्मरणशक्ती यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. परगावी असलेल्या मुलाने अथवा भाचीने घरच्या वडीलधाऱ्यांचा अडलेला संगणक आपल्या जागी बसूनच मार्गी लावावा, ही आज नित्याची झालेली गोष्ट त्या इतिहासात क्वचितच स्थान पावते. वस्तुतः ह्या साध्या व्यवहारात तीन निरनिराळे प्रश्न गुंतलेले होते. दूरचा पडदा दिसावा कसा, त्या यंत्रापर्यंत पोचावे कसे, आणि प्रवेशाची संमती कोणी व कशी द्यावी? ह्यांपैकी पहिले दोन प्रश्न यंत्रविद्येचे होते व ते सुटले. तिसरा माणसामाणसांतील विश्वासाचा आहे. तो अद्याप सुटलेला नाही, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शक्य कोटीतील आहे, हे ९ डिसेंबर १९६८ रोजी लोकांच्या प्रत्ययास आले. त्या दिवशी डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक-परिषदेत सुमारे ३० मैलांवरील मेन्लो पार्क येथील यंत्र सभागृहातून चालवून दाखविले. तेथे बसलेले सहकारी बिल पॅक्स्टन व एंगेलबार्ट यांनी परस्परांशी बोलत एकाच मजकुरावर काम केले. तथापि त्यासाठी सूक्ष्मतरंगांचे दुवे मुद्दाम उभारावे लागले होते; घरगुती वापराचा विचार तेव्हा संभवतच नव्हता.

वैयक्तिक संगणकांच्या काळात, १९८६ मध्ये, ‘पीसी एनीव्हेअर’ हे सॉफ्टवेअर आले. कचेरीतील आपले यंत्र घरून टेलिफोनच्या तारेवरून चालविणे, हा अशा साधनांचा एक ठळक उपयोग होता. तेथे यंत्राचा धनी व प्रवेश करणारा एकच असल्याने संमतीचा प्रश्न उद्भवत नव्हता.

पडदा पाठविण्याची सर्वांत सुटसुटीत रीत केंब्रिज येथील ऑलिव्हेटी व ओरॅकल यांच्या संशोधन प्रयोगशाळेत सिद्ध झाली. ‘व्हीएनसी’ ह्या नावाने ती १९९८ मध्ये मूळ संहितेसह विनामूल्य खुली करण्यात आली. तिचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते : पडद्यावरील अमुक जागी रंगबिंदूंचा हा आयत मांडावा. पाहणाऱ्याने मागणी केली की मागील मागणीनंतर जेवढा भाग बदलला असेल तेवढाच पाठवावयाचा. त्यामुळे मंद तारेवरही काम भागत असे, आणि दोन्ही टोकांची यंत्रे एकाच जातीची असण्याचे कारण उरले नाही. ती प्रयोगशाळा २००२ मध्ये बंद पडली. परंतु संहिता खुली असल्याने रीत टिकून राहिली.

दुसरा प्रश्न दाराचा. इंटरनेटवरील पत्ते अपुरे पडू लागल्यामुळे १९९४ मध्ये पत्ता-रूपांतराची योजना मांडली गेली व पुढे ती घरोघरी रूढ झाली. तिचे स्वरूप वाड्याच्या दृष्टान्ताने स्पष्ट होईल. वाड्याचा पत्ता एक, आत बिऱ्हाडे अनेक. आतील माणूस बाहेर जाऊन निरोप देऊ शकतो व त्याचे उत्तरही घेऊन येतो. परंतु नुसत्या वाड्याच्या पत्त्यावर आलेला पाहुणा कोणत्या बिऱ्हाडी न्यावा, हे देवडीवर कळत नाही. ह्यावर निघालेला तोडगा असा की, दोन्ही यंत्रांनी आपणहून बाहेर पडून एका मध्यस्थ यंत्राशी संधान बांधावे व त्याने त्यांची गाठ घालून द्यावी. जर्मनीतील गॉपिंगेन येथे २००५ मध्ये निघालेल्या ‘टीमव्ह्यूअर’ने ही सोय खाजगी वापरास विनामूल्य दिली. पडद्यावर दिसणारा क्रमांक व परवलीचा शब्द फोनवर वाचून दाखविला की काम होई.

मराठी कुटुंबांशी ह्या घडामोडीचा संबंध सरळ आहे. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू झाली. पुढील काळात संगणक-व्यवसायातील अनेक तरुण परदेशी गेले आणि आईवडिलांच्या घरी संगणक आला. तोवर साहाय्याचे साधन केवळ टेलिफोन. ‘खाली डावीकडे काय दिसते?’ ह्या प्रश्नाला ‘काहीच नाही’ असे उत्तर येई. कारण दिसणाऱ्या वस्तूला नाव ठाऊक नसेल, तर ती सांगता येत नाही. पडदा दोघांना दिसू लागताच ही नावांची अडचण संपली.

राहिला संमतीचा प्रश्न. २००१ च्या ‘विंडोज एक्सपी’मधील दूरस्थ साहाय्याची रचना ह्या दृष्टीने लक्षणीय आहे. तीत गरजवंताने निमंत्रण धाडावयाचे, त्याला मुदत घालता येई. आलेल्यास पाहू देणे व त्याच्या हाती यंत्र देणे ह्या दोन गोष्टींना स्वतंत्र परवानगी लागे. परंतु ज्याला साहाय्य हवे त्यालाच ही निमंत्रणाची खटपट जड जाई. फोनवर सांगता येणाऱ्या क्रमांकाने ती वाचविली. मात्र आजीला जे दार सहज उघडता येऊ लागले, ते चोरासही सहज उघडवून घेता येऊ लागले. संगणक-दुरुस्तीच्या बहाण्याने फोन करणाऱ्या टोळ्यांवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०१२ मध्ये कारवाई जाहीर केली. त्यांतील बऱ्याच भारतातून काम करीत होत्या, ही आपणास लाजिरवाणी बाब होय. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही ‘एनीडेस्क’च्या आधारे होणाऱ्या फसवणुकीबाबत बँकांना सावध केले. तेथेही फोनवर विचारून घेतलेला क्रमांक हेच चोराचे साधन होते.

ह्या सर्वांतून एक गोष्ट निष्पन्न होते. साहाय्य व फसवणूक यांचे सॉफ्टवेअर एकच, क्रमांक सांगण्याची रीतही एकच. भेद आहे तो प्रथम हाक कोणी मारली एवढाच. कुटुंबात अडलेला माणूस हाक मारतो आणि ओळखीच्या आवाजावर विसंबून दार उघडतो. फसवणुकीत साहाय्यकच न बोलाविता येतो. हा भेद यंत्रास कळत नाही. म्हणून वडीलधाऱ्यांना साधन देताना ते कसे उघडावे हे शिकविणे पुरेसे नाही. आपण बोलाविले नसेल त्यास ते उघडू नये, हेही त्यांना तितक्याच आस्थेने सांगितले पाहिजे.